डाव्या सीटवरच्या मॅडम

हाफक्लच मॅडम रिक्षात बसल्या तरी ब्रेक दाबायच्या. समोर बस आडवी आली की रिक्षावाल्याच्या आधी त्यांचा उजवा पाय पत्र्यावर आपटायचा. ठण्णकन आवाज व्हायचा, रिक्षावाला दचकून मागे बघायचा आणि मॅडम त्यालाच झापायच्या, "माझ्याकडे काय बघतोस? पुढे बघ!" घरी टीव्हीवरच्या मालिकेत कुणी सुसाट गाडी हाणली तरी तोच प्रकार. सोफ्यापुढची चटई उजव्या पायाखाली विरून भोक पडायला आली होती. मी एकदा म्हटलं, "मॅडम, घरात तरी पाय वर घेऊन बसा." तर म्हणाल्या, "पाय वर घेतला नि समोरचा अचानक थांबला, तर?" सोफ्यासमोर कोण थांबणार होतं, देव जाणे.

हे हसत लिहायला घेतलं खरं, पण मॅडमबद्दल लिहायचं म्हणजे पुढे कुठेतरी माझा भेकडपणा लिहावा लागणार. म्हणून दोन वर्षं टाळत आले. आता त्या जोगेश्वरीत नाहीत, आणि त्यांना वाचूनही दाखवावं लागेल, स्वतः वाचता येणार नाही. तेव्हा लिहायला हरकत नाही. भित्र्या माणसाचं धैर्य हे असलंच असतं.

जोगेश्वरी पूर्वेला त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे शटरचा एक गाळा, एक पांढरी छोटी गाडी आणि मॅडम. मूळ धंदा नवऱ्याचा. त्याला अर्धांगवायू झाला आणि शटर सहा महिने बंद राहिलं. मग मॅडम दिराकडून गाडी शिकल्या आणि त्यांनी स्वतःच शटर वर केलं. बाई काय गाडी शिकवणार म्हणत पुरुष फिरकले नाहीत, पण त्यांच्या बायका आल्या. पुढे नवरा वारला. मूलबाळ नव्हतं. मॅडमचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर भाऊ कणकवलीजवळच्या गावी परतला, पण मॅडम इथेच राहिल्या. शिकवायच्या गाडीत डाव्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक बसवलेले असतात, शिकणाऱ्याने घोळ घातला की शिकवणाऱ्याने सावरायचं. तीस वर्षं मॅडमची जागा ती डावी सीट. चढावर गाडी मागे सरकायला लागली की त्या शांतपणे म्हणायच्या, "हाफ क्लच. पूर्ण दाबू नको, पूर्ण सोडू नको. संसार करतेस ना? तस्सं." यावरून नाव पडलं.

मी पंचेचाळिशीत त्यांच्याकडे गेले. आमच्या घरून सल्ला मिळाला होता, "रिक्षा काय मेल्या का?" पहिल्या दिवशी मॅडमनी मला आरे कॉलनीच्या रस्त्यावर नेलं आणि सांगितलं, "तोंड बंद ठेवून चालवायचं नाही. जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं." ही त्यांची पद्धत. आरशात काय, डावीकडे काय, उजवीकडे काय, सगळ्याची अखंड बडबड. माझ्या तोंडून काय काय निघालं असेल! तबेल्यापाशी वळताना मी "म्हैस, मॅडम, म्हैस!" असं ओरडले आणि दोन्ही पाय वर घेतले. गाडी मॅडमनी थांबवली. म्हैस गेली. मॅडम म्हणाल्या, "म्हैस सांगितलीस ते बरं केलंस. पण ती कुठल्या बाजूने येतेय, ते राहिलं."

आमच्या बॅचला तिघी होतो. मी, महापालिकेच्या शाळेत शिकवणारी सुनंदा, आणि सांताक्रूझला विमानतळावर कामाला असणारी शलाका. तिघींनाही पहिल्याच फटक्यात लायसन्स मिळालं. सुनंदा नि शलाकाने ते कपाटात ठेवून दिलं. मी तेवढी भाजी आणायला, सासूबाईंना दवाखान्यात न्यायला गाडी काढत होते. शिकणं संपलं तरी रविवारी मॅडमकडे जाणं काही संपलं नाही. त्या घावणे करायच्या, आम्ही खायचो. अधूनमधून, सवय मोडू नये म्हणून, मला गाडीत घालून चक्कर मारायला लावायच्या. तेव्हाही त्या डावीकडे आणि माझी बडबड चालूच.

इटली आली ती मॅडमच्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. ती नर्स होऊन तिकडे गेली होती. तिने फोनवर सांगितलं, "मॅडम, इथले लोक आपल्यासारखेच चालवतात, फक्त रस्ते बरे आहेत." आणि पाठोपाठ एक फोटो पाठवला, स्टिअरिंग धरून बसलेली. मॅडम त्या फोटोकडे बघतच राहिल्या. पुढच्या रविवारी आम्ही पोचलो, तर घावण्यांचा पत्ता नाही. मॅडमनी फोन आमच्या नाकापुढे धरला. "बघा. तिकडे चालवणारा डावीकडे बसतो. गियर उजव्या हाताला. माझीच सीट आहे ती! तीस वर्षं मी डावीकडे बसून उजव्या हाताने तुमचे गियर टाकतेय. मी इकडे जन्मभर चुकीच्या बाजूला बसले होते गं, तिकडे ती बरोबर बाजू आहे."

आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. "चार सीटांची गाडी आहे," त्या म्हणाल्या. "चला."

तिथून पुढचे सात-आठ महिने त्यांच्या घरी दर रविवारी इटली मांडलेली असायची. मॅडमनी चित्रकलेची मोठी वही आणली होती. एकेका मुक्कामाला एकेक पान. त्यांचा नियम ठरलेला होता, "शहरात गाडी नाही, खेड्यात रेल्वे नाही." म्हणून रोमला पायी आणि बसने. रोम ते फ्लॉरेन्स रेल्वे. छोट्या गाड्यांचं कागदी तिकीट असलं तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्याच्यावर शिक्का उमटवायचा, नाहीतर दंड, हे त्यांनी लाल पेनाने लिहिलं होतं. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात बाहेरच्यांच्या गाड्यांना बंदी आणि नाक्यानाक्यावर कॅमेरे, म्हणून भाड्याची गाडी शहराबाहेरून घ्यायची. तिथून सिएना, सिएनाहून पिएन्झा, मग अरेझ्झोला गाडी परत आणि पुन्हा रेल्वेने व्हेनिस. सुनंदाला पिसाचा कलता मनोरा बघायचा होता. मॅडमनी तो एका वाक्यात उडवला. "वाकडं बांधलेलं बघायला एवढं लांब कशाला? आमची बिल्डिंग बघ."

व्हेनिस शलाकासाठी होतं, रोम सुनंदासाठी, आणि मला काहीही चाललं असतं. मॅडमसाठी होता सिएना ते पिएन्झा हा रस्ता. तासाभराचा असेल. कुणीतरी गाडीच्या काचेला कॅमेरा लावून तो पूर्ण रस्ता चित्रित केला होता. त्यात बोलणं नाही, गाणं नाही, नुसता रस्ता. मॅडम रोज दुपारी तो लावायच्या, चढ आला की डावा पाय हळूच उचलायच्या, आणि वळणावर उजवा हात हवेत गियर शोधायचा. "हा रस्ता माझा," असं त्यांनी वहीत पेन्सिलने लिहिलंही होतं. साठी उलटलेल्या बाईने लहान मुलीसारखं असं काही लिहावं याचं तेव्हा आम्हाला हसू यायचं.

विमानाची तिकिटं झाली, व्हिसा झाले. तिकडे चालवायचा परवाना काढायचा, तर मॅडमचं इथलं लायसन्स आधी नवं करणं भाग होतं, आणि त्यांच्या वयाला त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. आमच्या भागात हा दाखला मिळवणं अवघड नाही. एजंटच्या हातात फॉर्म ठेवा, संध्याकाळी सही-शिक्क्यासकट परत; डॉक्टर माणूस बघत नाही, माणूस डॉक्टर बघत नाही. एजंटने मॅडमना तसं सुचवलंही. पण मॅडमनी आजवर आपल्या एकाही विद्यार्थ्याला असला दाखला घेऊ दिला नव्हता. "डोळे न तपासता गाडी देणं म्हणजे आंधळ्याच्या हातात सुरी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या मला घेऊन अंधेरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या, आणि नीट, सगळ्या तपासण्या करा म्हणाल्या.

तपासण्या झाल्या. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांच्या कडा गेलेल्या होत्या. समोरचं दिसत होतं, बाजूचं नाही. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं टिकवायचा प्रयत्न करू, आणि गाडी आजपासून बंद, असं डॉक्टर म्हणाले. खाली आल्यावर मॅडमनी पर्समधून किल्ली काढून माझ्या हातात दिली. "चल. ने मला घरी."

मी गाडी काढली आणि सवयीने बडबड सुरू केली. डावीकडे स्कूलबस, उजवीकडून बाइक, मेट्रोच्या खांबाआडून एक आजोबा. आणि बोलता बोलता मी मध्येच थांबले. मी गाडी कडेला घेतली. "मॅडम, कधीपासून?"

"डॉक्टर म्हणतात, दोन-तीन वर्षं तरी." त्या समोरच बघत होत्या. "मला कळलंच नाही गं. तुम्ही पोरी सांगत राहायचात, डावीकडे हे, उजवीकडे ते. मला वाटायचं, मीच बघतेय."

त्या दिवशी मी त्यांना घरी सोडलं आणि जिन्यात बसून रडले. त्यांच्यासाठी रडले असं मला तेव्हा वाटलं होतं. आता इतकी खात्री नाही.

पुढच्या रविवारी आम्हाला वाटलं, इटली संपली. पण घावणे झाले होते आणि वही उघडलेली होती. भाड्याच्या गाडीच्या पानावर 'चालक' या शब्दापुढचं स्वतःचं नाव त्यांनी खोडरबराने पुसून तिथे माझं लिहिलं होतं.

"बदल एवढाच," मॅडम म्हणाल्या. "चालवणार तू. शेजारी मी."

सुनंदा नि शलाका घावण्यात बघायला लागल्या. मी म्हटलं, "मॅडम, तिकडे शेजारच्या सीटपुढे ब्रेक नसतो."

"माहितेय."

"रस्त्याची बाजू उलटी. गियर उजव्या हाताला. मला नाही जमणार."

"मी सांगेन ना. समोरचं मला अजून स्वच्छ दिसतं. डॉक्टर म्हणाले, वर्ष-दीड वर्ष तरी दिसेल. आणि रस्ता काय, समोरच असतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "फक्त तो एक रस्ता चालव. बाकी आपण रेल्वेने जाऊ. तीस वर्षांत एवढ्या जणींना शिकवलं. त्यातल्या एकीने तरी मला फिरवावं की नाही?"

असं त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. एका माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सावरल्या, आणि आता ते माझ्याकडे एक तास मागत होतं, फक्त एक तास. मला डोळ्यांपुढे अनोळखी घाट दिसला, उलट्या बाजूने अंगावर येणारा ट्रक दिसला, आणि शेजारी मॅडमचा पाय, खाली काहीच नसताना दाबत असलेला. मी म्हटलं, "घरी विचारून सांगते."

गाडी शिकायला जाताना मी घरी विचारलं नव्हतं. लायसन्सला विचारलं नव्हतं, इटलीच्या तिकिटालाही नाही. आणि घरी विचारून सांगते म्हणणाऱ्या बायका परत येत नाहीत, हे मॅडमनी तीस वर्षं शटरच्या दारात बघितलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग चालला असता. "बरं, विचार," एवढंच म्हणाल्या आणि वही मिटली. सुनंदाने घाईघाईने चहाचा विषय काढला.

मी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. शलाकाने मग एका टूरवाल्यांची सोय शोधून काढली. तीच शहरं, तेच दिवस, सगळीकडे बस. आम्ही मॅडमना म्हटलं, तुम्हीही चला. "बसच्या खिडकीतून बघायला मला इटली कशाला हवी?" त्या म्हणाल्या. "तुम्ही जा." आम्ही म्हटलं, छे, तुमच्याशिवाय कशा जाऊ. त्या पुन्हा म्हणाल्या, जा. आम्ही पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्या जा म्हणाल्या, तेव्हा आम्ही तिघीही गप्प बसलो. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी वही माझ्याकडे दिली, उपयोग होईल म्हणून. मी ती नेली नाही. बॅगेत खाकऱ्यांना जागा हवी होती.

इटली छान होती. ज्यांनी विचारलं त्यांना मी तसंच सांगितलं. रोममध्ये पाय दुखले, व्हेनिसमध्ये शलाकाने दोनशे फोटो काढले. सिएनाला बसवाल्यांनी भरपेट जेवू घातलं, आणि बसमध्ये गारवा होता. जाग आली तेव्हा गाइड माइकवरून उठवत होता, पिएन्झा आलं, पाऊण तासात परत या. मी घड्याळात पाहिलं. शेजारी सुनंदाचं तोंड उघडं होतं. मागे शलाका ओढणी तोंडावर घेऊन घोरत होती. मी खाली उतरले आणि बसमागे जाऊन उभी राहिले. ज्या रस्त्याने आम्ही आलो होतो, त्याचं शेवटचं वळण तेवढं तिथून दिसत होतं. गाइडला म्हणावंसं वाटलं, बस वळवा, एकदा परत न्या. अर्थातच म्हटलं नाही. पन्नास माणसांची बस होती, आणि माझ्यात तेवढी धमक असती तर मी बसने आलेच नसते.

परत आल्यावर आठवडाभर मी मॅडमकडे गेले नाही. गेले, तेव्हा घरभर खोकी होती. शटर कुणीतरी मोबाइलच्या दुकानासाठी घेतलं होतं, गाडीतले डावीकडचे क्लच-ब्रेक काढून ती विकली होती, आणि दोन दिवसांनी भाचा त्यांना गावी न्यायला येणार होता. मॅडम खोक्यांमध्ये खुर्ची टाकून बसल्या होत्या. थोड्या वाळल्या होत्या. मी आणलेला चॉकलेटचा डबा मांडीवर घेतला, रोम कसं विचारलं, व्हेनिसला वास येतो का विचारलं. मला कळत होतं की त्या मुद्द्यावर यायला वेळ घेतायत. मग डब्यावरचं झाकण बोटाने चाचपत त्यांनी विचारलं, "आणि पिएन्झाचा रस्ता?"

"पाऊस होता हो," मी म्हटलं. "काचांवर सगळं धुकं. काहीच दिसलं नाही."

"त्या दिवशी ऊन होतं गं," मॅडम हळूच म्हणाल्या. "सिएनाला जेवतानाचा फोटो पाठवलात ना तुम्ही. गॉगल होते तिघींच्या डोळ्यांवर. फोनमधलं दिसतं मला अजून."

मी मान खाली घातली. "झोपले होते, मॅडम."

"आणि सुनंदा?"

"ती पण."

"शलाका?"

बाहेर कुणीतरी जिना चढत होतं, ते वर जाईपर्यंत मॅडमनी वाट पाहिली.

"तिघी होतात गो तुम्ही," त्या म्हणाल्या. "एक पण जागी नव्हती?"

मी "नाही" म्हटलं.